खाली बसून उठणे

म्हापशात करासवाड्यावर, टाइल्सच्या दुकानाच्या माळ्यावर आमचा वर्ग.
सकाळी सातला. डिचोलीहून पहिली कदंब चुकली
की कुंकळ्येकर सर दारातच सांगतात :
आधी वीस बर्पी, मग कारणं.

कोपऱ्यात सांगाडा आहे, प्लॅस्टिकचा.
डाव्या हाताची करंगळी गेल्या बॅचने हरवली.
आम्ही त्याला बाबलो म्हणतो.
बाबल्याच्या खांद्यावर हात ठेवून मी पाठ केले
डेल्टॉइड, ट्रॅपिझियस,
आणि मानेतलं ते लांबलचक नाव, जे अजून अर्ध्यात तुटतं.

नऊ वर्षं मी काजूच्या कारखान्यात होते.
पाय पट्टीवर, हात दांड्यावर, बोटांना चिकाचा काळा.
कमरेत कळ आली की आम्ही बायका म्हणायचो, वारं भरलं.
आता कळलं, त्या वाऱ्याला लॅटिन नाव आहे
आणि त्याच्यासाठी तीन सोपे व्यायाम,
भिंत असली की पुरे.
भिंत तर होती तिथे.
त्या दिवशी मी डबा न खाता परत आणला.

पुस्तकात ओट्स आहेत, किन्वा आहे, पेज नाही.
उकड्या तांदळाची, वर खाऱ्या बांगड्याचा तुकडा :
मी समासात पेन्सिलीने लिहून ठेवली,
कॅलरीच्या जागी प्रश्नचिन्ह.

प्रात्यक्षिकाला सरच गिऱ्हाईक होतात.
मुद्दाम पाठ वाकवून बार उचलतात,
आपण बघतोय की नुसते मोजतोय ते बघायला.
फ्लॉयड, ज्याचे दंड म्हणजे दोन शहाळी,
टाळ्या वाजवत ओरडला, अजून एक, अजून एक!
नापास.
मी म्हटलं, ठेवा खाली.
त्यांनी ठेवला नाही.
मग मुकादमाला जे नऊ वर्षं म्हटलं नव्हतं
ते माझ्या तोंडून आलं : ठेवा.
खालच्या दुकानातून कोणीतरी शिवी दिली.

प्रात्यक्षिक पास. लेखी तीन गुणांनी राहिलं.

सप्टेंबरात पुन्हा बसायचं. तोवर
एका खऱ्या माणसावर तीस तास सराव, सहीसकट.
मला मिळाल्या हळदोण्याच्या इर्मेलिंदाबाय,
वय बहात्तर, लेक स्विंडनला.
फॉर्मवर रकाना होता : ध्येय. वजन, घेर, टक्के.
त्या म्हणाल्या, लिही,
जमिनीवर बसायचंय
आणि हाक न मारता उठायचंय.

मार्चमध्ये न्हाणीत पडल्या होत्या.
सकाळचा पोदेर दारात भोंगा वाजवून गेला.
संध्याकाळचा वाजवत राहिला, म्हणून कळलं.

हात लावू का, मी विचारलं.
पहिल्या दिवशी शिकवतात ते, विचारल्याशिवाय बोट नाही.
मला आयुष्यात हे कोणी विचारल्याचं आठवेना.
“इतलें कितें विचारता गो,” त्या म्हणाल्या,
आणि दंड पुढे केला. पेरूच्या फांदीसारखा, गुळगुळीत, हलका.

बाल्कांवात चटई. एक गुडघा, तळवा, दुसरा गुडघा.
पहिल्या आठवड्यात चार वेळा “पुरो गो”.
दुसऱ्यात रडल्या, मग मला भिवंडीचं सरबत दिलं.
मला सगळ्यात जड गेलं ते
हात पाठीमागे बांधून उभं राहणं.
याचा स्नायू बाबल्याला नाही.

सहाव्या आठवड्यात, मंगळवारी,
त्या खाली बसलेल्या, मी आकडे लिहीत होते,
आणि वळणावर भोंगा वाजला.
“राव रे!” म्हणाल्या, आणि मी मान वर करेपर्यंत
एक पाय टेकला होता,
मांडी थरथरत होती, थरथरू दिली,
आणि त्या उभ्या. ब्लाउज सरळ करत.

पाव घेऊन आल्या तेव्हा मी वही दाखवली :
एक वेळा, आधारासह.
खांबाला बोटं लागली होती, मी पाहिलं होतं.
चष्मा लावून त्यांनी दोनदा वाचलं.
“खांबो म्हजोच न्हय गो?”

खोडलं नाही. पण पुढे कंसात लिहिलं,
खांब घरचा.